जुनिपरला कात्री लावण्याआधी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांमध्ये जुनिपर या सदाहरित झाडाचेच इतके प्रश्न आहेत की बाकीची झाडं पुढच्या वेळेसाठी ठेवलीत. बहुतेक सगळे नव्याने बोन्साय करणारे आहेत आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलंय, झाड आणलं, कात्री आणली, तार आणली, आता पुढे काय. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नर्सरीतून एक दाट झुडपासारखं जुनिपर आणलंय. व्हिडिओत तासाभरात अशाच झुडपातून जुनं झाड निघालेलं बघितलं, मलाही तसंच करायचंय, पण पहिली कुठली फांदी कापायची तेच कळत नाहीये. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात खालून करा आणि कात्री लांब ठेवून करा. कुंडीतल्या मातीचा वरचा थर बोटांनी किंवा एखाद्या काडीने हळूहळू बाजूला सारा. नर्सरीत रोप बरेचदा गरजेपेक्षा खोल लावलेलं असतं, त्यामुळे खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं ती जागा मातीत गाडली गेलेली असते, कधी कधी चांगली दोन बोटं खाली. ती जागा दिसल्याशिवाय झाड किती उंच म्हणायचं, किती जाड म्हणायचं, पुढची बाजू कुठली, यातलं काहीच ठरवता येत नाही. वाटेत केसासारखी बारीक मुळं लागली तर ती काढली तरी चालतं, जाड मुळांच्या पाठी दिसायला लागल्या की तिथे थांबा.

मग कुंडी उंच स्टुलावर ठेवा, म्हणजे खोड तुमच्या डोळ्यांच्या उंचीला येईल, पालवी एका हाताने वर उचलून धरा आणि दुसऱ्या हाताने कुंडी थोडी थोडी फिरवत आत बघत राहा. मुळांचा पसारा कुठून रुंद दिसतो, खोडाचं वळण कुठून नीट कळतं, कुठून खोड पोट पुढे काढल्यासारखं अंगावर येतं (ती बाजू पुढची नाही). झाड थोडं तिरकं करूनही बघा, कारण पुढे दुसऱ्या कुंडीत लावताना हा कल तुम्हाला बदलता येणार आहे. आवडलेल्या बाजूला मातीत काडी खोचा आणि खुशाल दोन दिवस जाऊ द्या, परत बघा, काडी हलवावीशी वाटली तर हलवा.

आता खोडाची रेघ. अशा झुडपात खालूनच दोन-तीन जाड फांद्या वर निघालेल्या असतात आणि त्यातली खोड म्हणून कुठली पुढे न्यायची हा पूर्ण कामातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. सगळ्यात जाड तीच घ्यायची असं काही नाही, जिच्यामुळे वळण मिळतं आणि खालून वर जाडी हळूहळू कमी होत जाते ती घ्या. शेंड्याची उंची ठरवताना तळाच्या जाडीच्या साधारण सहापट हा एक अंदाज धरतात, त्यापेक्षा बुटकं झाड दणकट वाटतं आणि उंच केलं की सडपातळ, दोन्ही चालतं पण काय हवंय ते आधी ठरवा.

फांद्यांचं मग त्यामानाने सोपं आहे. खालची पहिली फांदी तळापासून उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर, फांद्या शक्यतो खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूने, समोर अगदी डोळ्यात घुसेल अशी जाड फांदी नको, आणि एकाच जागेवरून तीन-चार फांद्या निघत असतील तर तिथे एक किंवा दोनच ठेवा, नाहीतर काही वर्षांत तिथे खोडाला गाठ येते आणि वर जाडी खालच्यापेक्षा जास्त दिसायला लागते, ते मग काही केल्या लपत नाही.

आणि हे सगळं इतकं सावकाश का, तर जुनिपरच्या जुन्या, पान नसलेल्या लाकडावर नवीन फुटवा जवळपास येतच नाही. वड किंवा बोगनवेल कशीही छाटली तरी बुंध्यावर डोळे फुटतात, म्हणून त्यांच्यावर हात बसलेला माणूस जुनिपरही तसंच छाटतो आणि फांदी कायमची जाते. फांदीवर हिरवं ठेवलं नाही तर ती फांदी मेली असं समजूनच चाला. शिवाय जुनिपरची ताकद पानांत असते, पानं जितकी काढाल तितकी मुळंही मागे पडतात. म्हणून पहिल्या बैठकीत एकूण हिरव्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. व्हिडिओतल्या माणसाने त्याहून जास्त काढलेलं असतं हे खरंय, पण ते झाड आधी काही वर्षं खतपाणी देऊन टरटरून वाढवलेलं असतं आणि नंतरचं वर्ष-दोन वर्षं त्याला कुणी हात लावत नाही, हा भाग व्हिडिओत येत नाही.

पहिल्या दिवशी बिनधास्त काढायचं काय, तर आतलं वाळलेलं तपकिरी पान, फांदीच्या खालच्या बाजूला लोंबणारे कोंब, आणि बेचक्यात उगवलेली बारीक पिसं. एवढं केलं तरी झुडपातून उजेड आरपार दिसायला लागतो आणि आत काय काय आहे ते कळतं. बेचक्यातलं काढतानाही जरा थांबून बघा, फांदी पुढे फार लांब आणि बोडकी असेल तर आतला तो छोटा कोंबच उद्याची फांदी आहे, तो ठेवायचा. ज्या फांदीबद्दल मनात शंका आहे ती पण ठेवायची. ती पुढच्या वर्षी कापता येईल.

प्रश्न : माझं जुनिपर टेबलावर, खिडकीपासून जरा लांब आहे. रंग अजून हिरवा आहे पण पानं हाताला कुरकुरीत लागतात. पाणी कमी पडतंय का?

उत्तर : पाण्याआधी जागा चुकतेय. जुनिपर घरातलं झाड नाही, कितीही छोट्या कुंडीत असलं तरी नाही. त्याला उघड्यावर रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं, वारा लागतो आणि थंडीत विश्रांती लागते. भेट म्हणून टेबलावर ठेवायला दिलेली जुनिपरं जी मरतात ती बहुतेक अशीच मरतात.

आता कुरकुरीत लागतंय म्हणताय त्याची मला काळजी वाटते, कारण हे झाड मेल्यावरही काही आठवडे हिरवं दिसत राहतं. एका बारीक फांदीची साल नखाने अगदी थोडी खरवडून बघा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं दिसलं तर खाली खाली सरकत खोडापर्यंत तपासत या. कुठेही हिरवं लागलं तर कुंडी बाहेर उजेडाच्या सावलीत न्या, आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हात सरकवा, एकदम कडक उन्हात नको. खत नको, छाटणी नको, कुंडी बदलणं तर अजिबात नको. पाणी मातीचा वरचा थर कोरडा व्हायला लागला की द्यायचं आणि खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यायचं, रोज चमचाभर शिंपडत बसायचं नाही. खोडापर्यंत सगळं तपकिरी निघालं तर ते झाड गेलंय, आणि वाईट वाटतं हो, पण मग पुढचं आणाल ते पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवा.

प्रश्न : तार गुंडाळायला जमतच नाहीये. फांदी वाकवली की परत वर येते, आणि जाड तार घेतली तर एका फांदीला चीर गेली. किती जाडीची तार घ्यायची आणि कशी?

उत्तर : जाडीचा अंदाज फांदीच्या जाडीचा तिसरा हिस्सा. म्हणजे ६ मिलिमीटरची फांदी असेल तर २ मिलिमीटरची तार. ही ॲल्युमिनियमची गोष्ट झाली, आणि शिकताना ॲल्युमिनियमच घ्या, ती मऊ असते, चुकलं तर उलगडता येते. तांब्याची तार त्याच जाडीत जास्त धरून ठेवते म्हणून अनुभवी लोक जुनिपरला ती वापरतात, पण ती एकदा वाकली की ताठ होते आणि दुसऱ्यांदा ऐकत नाही. घेतलेली तार पुरेशी आहे का हे बघायला एक सोपी युक्ती आहे, तारेचं टोक फांदीवर टेकवून तारेनेच फांदी ढकला, तार वाकली तर कमी पडतेय, फांदी हलली तर बरोबर आहे.

पण तुमची फांदी परत वर येतेय त्याचं कारण मला जाडीपेक्षा सुरुवातीत दिसतंय. तारेचं खालचं टोक कशात तरी घट्ट अडकलेलं हवं. म्हणून एक तार दोन फांद्यांना मिळून वापरतात, जवळच्याच साधारण सारख्या जाडीच्या दोन फांद्या निवडायच्या, तारेचा मधला भाग खोडाला निदान एक पूर्ण वेढा घेईल असा ठेवायचा आणि मग एक टोक एका फांदीवर, दुसरं दुसऱ्या फांदीवर न्यायचं. म्हणजे एक फांदी दुसरीला धरून ठेवते. हा खोडावरचा वेढा सैल राहिला की तुम्ही पुढे कितीही सुबक गुंडाळा, फांदी उसळी मारतेच.

गुंडाळताना कोन ४५ अंशांच्या आसपास, वेढे सारख्या अंतरावर, तार सालीला टेकलेली पण आवळलेली नाही. एका हाताने गुंडाळायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं आधीच्या वेढ्यावर दाबून धरायची, नाहीतर पुढचा वेढा घेताना मागचा सैल होतो. पान तारेखाली दाबलं जाऊ देऊ नका, तारेच्या टोकाने कोंब बाजूला करत करत पुढे जा, वेळ लागतो पण दाबलेलं पान पिवळं पडून गळतं. आणि फांदी खाली वाकवायची असेल तर खोडातून निघाल्यावर पहिला वेढा फांदीच्या वरून जायला हवा, म्हणजे वाकताना बाहेरच्या बाजूला तार येते आणि जिथे साल ताणली जाते तिथे तिला आधार मिळतो. चिरा पडतात त्या अशाच बाहेरच्या बाजूला, जिथे वळण आहे पण वर तार नाही.

वाकवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवा, बोटं बाहेरून, आणि थोडं थोडं. आवाजाकडे लक्ष ठेवा. जुनिपर तुटायच्या आधी अगदी बारीक करकरतं, ते ऐकू आलं की तिथेच थांबायचं, मागे पण न्यायचं नाही. फांदी फार जाड असेल तर ओल्या राफियाच्या (ताडासारख्या झाडाच्या पानांचा धागा) पट्ट्यांनी आधी घट्ट गुंडाळून वर तार घेतात, पण पहिल्याच झाडाला एवढी जाड फांदी वाकवायची काही घाई नाही.

ज्या फांदीला चीर गेली ती काढून टाकली नसेल तर टाकू नका. चीर परत जुळवून घट्ट बसवा, वर कट पेस्ट (झाडाच्या जखमेवर लावायचा लेप) लावा आणि तिला हलवू नका. सालीचा निम्मा भाग जरी जोडलेला असेल तरी जुनिपर बरेचदा ती फांदी जगवतं.

तार किती दिवस ठेवायची हे विचारलं नाहीत पण ते सांगायलाच हवं. जुनिपरचं लाकूड लवचिक असल्यामुळे आकार पक्का व्हायला वर्षभर लागतं, कधी जास्त. पण वाढीच्या दिवसांत बारीक फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतायला लागते, म्हणून दर पंधरा दिवसांनी एकदा वेढ्यांच्या कडा बघत जा. रुतायला लागली की काढा, आकार बसला नसेल तर दुसऱ्या जागेवरून नवीन तार घाला. काढताना उलगडू नका, कटरने एकेक वेढा कापून तुकडे काढा, उलगडताना फांद्या मोडतात आणि वर्षाची मेहनत शेवटच्या पाच मिनिटांत जाते.

प्रश्न : पानांचे गोळे घट्ट राहावेत म्हणून रोज नखाने शेंडे खुडायचे असं मला शिकवलंय. खुडलेल्या जागी तपकिरी ठिपके पडतायत, झाड सुकट दिसतंय. बंद करू का?

उत्तर : हो, आजपासून बंद करा. ही जुनी पद्धत आहे आणि अजूनही सगळीकडे सांगितली जाते, पण शेंडा म्हणजे जुनिपरचा वाढीचा भाग, नवीन मुळांना चालना द्यायचं काम तिथूनच होतं. सगळे शेंडे रोज खुडलेत की झाड वर्षभर उपाशी राहिल्यासारखं होतं.

त्याऐवजी शेंडे वाढू द्या. झाडाची बाह्यरेषा ओलांडून काही कोंब लांब पळतात, फिकट हिरवे, बाकीच्यांपेक्षा जाड. फक्त तेवढेच धरायचे, पानांचा पंखा बोटांनी थोडा उघडायचा, त्या कोंबाचा देठ आत जिथे दुसऱ्या छोट्या कोंबाला मिळतो तिथपर्यंत कात्रीचं टोक न्यायचं आणि देठावर कापायचं. पान कापलं जायला नको, पानाच्या मधून कात्री गेली की तो भाग तपकिरी होणारच. कापल्यावर मागे छोटे कोंब राहतात ते जोर धरतात आणि गोळा आपोआप दाट होतो. वाढीच्या हंगामात एखाद-दुसऱ्या वेळी हे पुरतं. ज्या फांद्या अशक्त आहेत त्यांना तर हातच लावू नका, त्यांचे शेंडे पळू देणं हेच त्यांचं औषध.

प्रश्न : माझ्या शिम्पाकुची (जपानी जुनिपरचा एक प्रकार) पानं आधी मऊ, दोरीसारखी होती. छाटल्यानंतर आता टोचणारी, सुईसारखी पानं येतायत. झाड बदललं का?

उत्तर : झाड तेच आहे. शिम्पाकुला दोन प्रकारची पानं येतात, शांतपणे वाढत असताना खवल्यांसारखी आणि धक्का बसला की लहानपणीची सुईसारखी. जास्त छाटणी झाली की हे होतं, म्हणजे झाडाने तुम्हाला सांगितलंय की या वेळी जरा जास्त झालं. सुया लगेच उपटू नका, सध्या त्याच झाडाला जगवतायत. ऊन भरपूर, खत वेळच्या वेळी, आणि कात्री बंद. एक-दोन हंगामांत सुयांमधूनच परत खवल्याचे कोंब निघायला लागतात, ते जोरात आले की मग थोड्या थोड्या सुया काढत जा. तुमच्याकडे प्रोकम्बेन्स नाना जातीचं जुनिपर असतं तर गोष्ट वेगळी, त्याची पानं कायमच सुईसारखी असतात.

प्रश्न : मला जिन आणि शारी फार आवडतात, पांढरं लाकूड आणि शेजारून जाणारी जिवंत साल. पहिल्याच दिवशी खोडावर करून टाकू का?

उत्तर : आवडण्यासारखंच आहे ते. जिन म्हणजे साल काढून वाळकी दाखवलेली फांदी, शारी म्हणजे खोडावरची साल काढलेली पट्टी. जपानमधल्या इतोइगावा भागातल्या डोंगरकड्यांवर शिम्पाकु वाढतात, तिथे बर्फाचं ओझं, घसरणारे दगड आणि वारा मिळून वर्षानुवर्षं त्यांची साल सोलतात आणि तरी बाजूच्या एका पट्टीवर झाड जगत राहतं, बोन्सायमधलं हे काम अशाच झाडांकडे बघून केलं जातं. ते डोळ्यासमोर ठेवून केलं तर जिन खरं वाटतं, आणि नुसती साल काढायची म्हणून काढली तर सोललेली काठी दिसते.

जिन पहिल्या दिवशी करायला हरकत नाही, कारण जी फांदी तशीही काढायचीच आहे तिचंच ते करतात. म्हणून जाड फांदी खोडालगत कापून टाकू नका, थोडा खुंट ठेवा. खुंटाच्या बुडाशी धारदार चाकूने गोल रेघ मारा म्हणजे साल खोडावर फाटत जाणार नाही, मग पक्कडने साल चेपा, ती सैल होऊन निघते, वाढीच्या दिवसांत तर सहज. टोक कात्रीने सरळ कापलेलं ठेवू नका, पक्कडमध्ये धरून लाकडाचे धागे खाली ओढा, जिथे फाटेल तिथे फाटू द्या. टोक निमुळतं आणि वेडंवाकडं झालं की काम झालं.

शारी मात्र पहिल्या दिवशी नको. जुनिपरमध्ये मुळापासून फांदीपर्यंत सालीखाली जिवंत शिरा जातात आणि बहुतेक वेळा एका बाजूचं मूळ त्याच रेघेवरच्या फांदीला पोसत असतं. ती रेघ सरळ असेलच असं नाही, खोड पिळलेलं असेल तर शीरही पिळत वर जाते. तुम्ही आडवी साल काढलीत आणि ती शीर तुटली तर वरची फांदी जाते, लगेच नाही, काही आठवड्यांनी, जेव्हा आपल्याला वाटायला लागतं की जमलं. म्हणून आधी खडूने खोडावर शारी काढा आणि तशीच राहू द्या. रोज येता-जाता बघा, आवडत नसेल तर पुसून परत काढा. झाड ठणठणीत झाल्यावर पुढच्या हंगामात त्या रेघेच्या मधोमध अगदी चिंचोळी पट्टी, खोडाच्या वळणाबरोबर उभी, आणि मग दरवर्षी थोडी थोडी रुंद. दोन्ही कडांना जिवंत साल फुगून गोलाई धरते, ती हळूहळू केलेल्या शारीलाच छान येते.

लाकूड पांढरं आणि टिकाऊ राहावं म्हणून लाइम सल्फर (चुना आणि गंधकाचं द्रावण) लावतात. ताज्या लाकडावर लगेच नको, काही महिने वाळू द्या. लावायच्या आधी लाकूड पाण्याने ओलं करा, ब्रशने लावा, आधी पिवळं दिसेल, उन्हात पांढरं होईल. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून काम उघड्यावरच करा, हातमोजे आणि चष्मा घाला, माती प्लास्टिकने झाका, जिवंत सालीवर आणि पानांवर थेंब पडू देऊ नका. आणि ते कुठल्याही ॲसिडजवळ, बाथरूम धुवायच्या द्रवाजवळसुद्धा, नेऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

प्रश्न : छाटून, तार लावून झाड तयार आहे. एक सुंदर उथळ कुंडी आणून ठेवलीय, त्याच दिवशी लावलं तर चालेल ना?

उत्तर : नका लावू. मन होतं ते अगदी कळतं, पण जुनिपरला एका वेळी एकच धक्का. वरची पानं कमी केलीत, फांद्या वाकवल्यात, आता ते सावरणार मुळांच्या जोरावर, आणि त्याच दिवशी मुळंही कापली तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. आकार या वर्षी दिलात तर कुंडी पुढच्या वर्षी. नर्सरीतल्या माती घट्ट झालेल्या कुंडीत पाणी वरच साचून राहत असेल तर उलटा क्रम घ्या, आधी मुळं नीट करा, वर्ष जाऊ द्या, मग आकार. पाणी साचणाऱ्या मातीत आकार देऊन उपयोग नाही, मुळं कुजली तर वरचं सगळं काम वाया.

रिपॉटिंगची वेळ थंडी ओसरताना, नवीन वाढ सुरू व्हायच्या आत. जुनी माती सगळी धुऊन काढू नका. मुळांमध्ये पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, बरेचदा ती मुळांना मदत करणारी असते, जुन्या मातीचा थोडा भाग नवीन कुंडीत जाऊ द्या. नवख्याने एका वेळी मुळांच्या गड्ड्याचा निम्मा भाग मोकळा करावा आणि उरलेला पुढच्या रिपॉटिंगला, हे मला सगळ्यात सुरक्षित वाटतं. माती खडेदार हवी, अकादामा (जपानी भाजक्यासारखी दाणेदार माती), प्युमिस आणि लावा (ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे) असे ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे, बारीक भुकटी चाळून काढलेली. झाड कुंडीच्या भोकांतून घेतलेल्या तारेने घट्ट बांधा. हे बांधणं लोक टाळतात, पण झाड वाऱ्याने हललं की नुकतीच फुटलेली पांढरी मुळं तुटतात.

प्रश्न : माझ्याकडे बारीक, सरळ खोडाची पाच-सहा जुनिपरं आहेत. एकाचंही बोन्साय होईल असं वाटत नाही. टाकून द्यावीत का?

उत्तर : टाकू नका, एकत्र लावा. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बोन्सायपैकी एक असंच आहे, अमेरिकेतले बोन्साय गुरू जॉन नाका यांचं गोशिन. फोएमिना जातीची ११ सरळसोट जुनिपरं एका ट्रेमध्ये, नातवंडांगणिक एक झाड, हळूहळू वाढवत नेलेली. १९८४ साली त्यांनी ते देऊन टाकलं आणि ते वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात बघायला मिळतं. त्यातलं एकेक झाड सुटं घेतलं तर साधं आहे.

जंगल करताना सगळ्यात जाड आणि उंच झाड मध्यापासून जरा बाजूला आणि पुढे, बारीक झाडं मागे आणि कडेला, म्हणजे खोली वाटते. समोरून बघताना एका खोडामागे दुसरं लपायला नको, तीन खोडं एका ओळीत यायला नकोत, अंतरं सारखी नकोत. आतल्या बाजूच्या फांद्या एकमेकींत जातात त्या काढा, बाहेरच्या ठेवा. संख्या विषम ठेवतात, सहा असतील तर पाच लावा आणि एक तार शिकायला ठेवा, पिळायला, वाकवायला, खोड अगदी गोल फिरवायला. बारीक खोड असतानाच जी वळणं देता येतात ती नंतर कधीच देता येत नाहीत.

प्रश्न : हिरवा रंग गेल्या महिन्यापासून धुरकट, राखाडी झालाय. पाणी, ऊन सगळं तेच आहे.

उत्तर : पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर धुळीसारखे ठिपके पडतील, ते चालायला लागले तर लाल कोळी आहेत. उष्ण, कोरड्या हवेत ते झपाट्याने वाढतात. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, आतपर्यंत, काही दिवसांच्या अंतराने परत परत मारा. त्याने हटले नाहीत तर कोळीनाशकच आणा, साधं कीटकनाशक त्यांच्यावर चालत नाही कारण ते कीटक नाहीत, उलट त्यांना खाणारे किडे मात्र मरतात. पानांचे गोळे आतून साफ, हवा खेळती असलेले ठेवलेत तर कोळी सहसा इतके वाढत नाहीत.

प्रश्न : पहिलं स्टायलिंग झालंय. आता पुढचं काम कधी करायचं? झाड सावरलंय हे ओळखायचं कसं?

उत्तर : पहिले दोन-तीन आठवडे कडक ऊन आणि जोराचा वारा लागणार नाही अशा जागी ठेवा, पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा, पण माती मात्र जपून, पानं कमी झालीत म्हणजे झाड पाणीही कमी पितं आणि कुंडी पूर्वीपेक्षा उशिरा सुकते. पहिल्यासारखंच पाणी देत राहिलात तर मुळं गुदमरतात. खत नवीन वाढ दिसल्यावर.

तारीख मोजू नका, शेंडे बघा. सावरलेल्या जुनिपरचे शेंडे बाकीच्या पानांपेक्षा फिकट, तजेलदार हिरवे होतात आणि लांब व्हायला लागतात, फक्त टोकावर नाही तर खालच्या आणि आतल्या फांद्यांवर सुद्धा. नुसता शेंडा पळतोय आणि खालची फांदी गप्प आहे असं असेल तर अजून थांबा, हवं तर वरचे एक-दोन जोरदार कोंब देठावर कापा म्हणजे खालच्यांना ऊन मिळेल. सगळीकडे वाढ दिसली आणि ती एक पूर्ण हंगाम टिकली की मग पहिल्या दिवशी शंका म्हणून ठेवलेल्या फांद्यांकडे परत वळा. त्यातल्या एखादीच्या जागी आता काय करायचं ते तुम्हाला दिसत असेल, आणि जिच्याबद्दल अजूनही ठरत नसेल ती आणखी एक वर्ष राहू द्या.